डोकं कोरं असलेला बोल्ट

बोल्ट हातात आला की मी आधी त्याचं डोकं बघतो. नोकरीची सवय. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं उठवलेलं असतं आणि शेजारी बनवणाऱ्याची खूण. पहिला आठ सांगतो, की तुटण्याआधी हा ८०० मेगापास्कलचा ताण घेईल. दुसरा सांगतो, की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ मापावर येईल. डोकं कोरं असेल तर बोल्ट वाईटच आहे असं नाही. तो निम्माही ताण घेणार नाही किंवा कदाचित पुरेसा घेईल. त्याची जबाबदारी कुणी घेतलेली नाही, एवढंच कळतं.

भिवंडीच्या अलीकडे, मानकोली नाक्याजवळच्या एका गोडाउनमध्ये धाकट्या भावाने मला ज्या गाडीपुढे उभं केलं, तिच्या स्टिअरिंगचे बोल्ट कोरे होते. गाडी म्हणजे क्वाड. चार फुगीर टायर, मध्ये लांबट सीट, वर मोटारसायकलसारखं हँडल. नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवतात त्यातलीच, पण मुलांच्या मापाची. ११० सीसी. लाल प्लास्टिक, पुढे दोन दिवे, मागे सामानाची जाळी. टाकीवर एक रुबाबदार इंग्रजी नाव होतं. ते आयात करणाऱ्यानेच ठेवलेलं. पुढच्या खेपेला हीच गाडी दुसऱ्या नावाने आली असती. किंमत ८५ हजार. नावाजलेल्या कंपनीची मुलांची क्वाड याच्या दुपटीपुढे जाते.

"दादा, तू फक्त बघून सांग," भाऊ म्हणाला, "घेण्यासारखी आहे का?"

पुतणी नऊ वर्षांची. ती तोवर सीटवर बसलीही होती.

भांडुपला एल. बी. एस. रोडवरच्या एका कारखान्यात मी पार्ट तपासायचं काम करतो. आमच्या टेबलावरून रोज जे जातं त्यातलं काही परत पाठवायचं, काही पुढे सोडायचं, एवढाच धंदा. गाडी चालवून बघायची मला हौस नाही. मी खाली वाकून बघतो. तसा वाकलो. पुढच्या चाकांना हँडलशी जोडणाऱ्या दांड्या, म्हणजे टाय रॉड, हाताने हलवल्या. डावीकडच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ होता. मागच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला कॅसल नट होता, तो सुटू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन जायला हवी, आणि भोक मोकळं होतं. चेसिसच्या एका जोडावर वेल्डिंग नुसतं वर बसलं होतं, धातूत मुरलेलं नव्हतं. वरून काळा रंग मारला की दिसत नाही, नखाने मात्र कळतं. चेन ढिली. चेनवरचं झाकण म्हणजे पत्र्याची एक पट्टी, मुलीची टाच तिथून चार बोटांवर. सायलेन्सरवर जाळी नाही. सायलेन्सरचा चटका काय असतो हे स्कूटर असलेल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही, पोटरीवर खूण असतेच कुणाच्या तरी.

गोडाउनमधला मुलगा सरळ होता. त्याने एकही गोष्ट नाकारली नाही. "काका, या अशाच येतात. खोक्यातून निघते तेव्हा हँडल, चाकं, बंपर वेगळे असतात, ते आम्ही लावतो. नट एकदा सगळे आवळून घ्यायचे."

"कुणी आवळायचे?"

"कुणीही. तुमचा मेकॅनिक असेल ना."

त्याचं हे उत्तर मला त्या सगळ्या दुपारीत सर्वांत प्रामाणिक वाटलं. कारण स्वस्त गाडी स्वस्त कशी होते, हे त्यात आलं. पत्रा, पोलाद, रबर यांचे भाव कुणालाच फार वेगळे पडत नाहीत. मजुरी कमी पडते, पण तीसुद्धा एवढी नाही. जे गाळलेलं असतं ते शेवटचं टेबल. गाडी पूर्ण जोडायची, प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळायचा, आवळल्याची रंगाची खूण करायची, चालवून बघायची, काही गाड्या बाजूला काढून मोडेपर्यंत ताणायच्या, आणि हे सगळं एका वहीत लिहून ठेवायचं, कारण उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायला हवं. या कामाला माणसं लागतात, वेळ लागतो आणि त्यातून विकता येईल असं काहीच तयार होत नाही. म्हणून ते आधी कापलं जातं. पण काम कापलं तरी संपत नाही. ते खोक्यात बसून समुद्रापार येतं आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरतं.

तेव्हा "घेण्यासारखी आहे का" याचं माझं उत्तर गाडीपेक्षा घेणाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. हे उरलेलं काम तू करशील का? भाऊ विमा कंपनीत आहे. त्याच्या घरात स्क्रू ड्रायव्हर आहे, मी दिलेला.

कामाची यादी मी त्याला परतीच्या वाटेवर, माजिवड्याच्या जाममध्ये अडकल्यावर सांगितली. गाडी चेसिसपर्यंत उघडायची. स्टिअरिंग, ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शन या चार ठिकाणचे कोरे बोल्ट काढून टाकायचे आणि नागदेवी स्ट्रीटवरून खूण असलेले आणायचे. तिथे हे किलोवर मिळतात, दुकानदार माप विचारतो आणि बघताबघता हातावर ठेवतो. हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग. मग आटे घट्ट राहावेत म्हणून लावतात ते लॉकचं औषध, स्प्लिट पिना, ठरलेल्या जोराने नट आवळायचा पान्हा, म्हणजे टॉर्क रेंच. चाकांची बेअरिंगं उघडून ग्रीस. अनेकदा आत फक्त जहाजावर गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल असतं. ब्रेकचं ऑइल बदलून हवा काढायची. वेल्डिंग कुर्ल्याला सी. एस. टी. रोडवर कुणा जाणत्याकडून पुन्हा मारून घ्यायचं. पेट्रोलच्या नळ्या बदलायच्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. मसाल्याचे पैसे एक वेळ परवडतील, पण वाटायला बसणार कोण?

इंजिनाबद्दल मात्र मी वाईट बोललो नाही, आणि याचं भावाला नवल वाटलं. अशा बहुतेक ११० सीसी गाड्यांच्या इंजिनावर १५२ एफएमएच असा क्रमांक ठोकलेला असतो. आडवं झोपलेलं एकच सिलिंडर, हवेने थंड होणारं, फोर-स्ट्रोक. याचं घराणं होंडाच्या सुपर कबचं. ती १९५८ साली आली आणि २०१७ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा कोटींचा टप्पा गाठला. इतक्या वर्षांत या रचनेतल्या चुका निघून गेल्या आहेत. चिनी कारखान्यांनी तिची नक्कल इतक्या वेळा केली आहे की नक्कलसुद्धा आता बरी निघते. कार्ब्युरेटर, ठिणगी देणारं सीडीआय, क्लचच्या प्लेटा सहज मिळतात. लोकांना भीती इंजिन बंद पडण्याची असते. बंद पडलेली गाडी कुणाला इजा करत नाही. इजा करते ती उत्तम चालणारं इंजिन आणि कच्चं स्टिअरिंग यांची जोडी. याहून लहान ४९ सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या आहेत, दोरी ओढून सुरू करायच्या, पेट्रोलमध्ये तेल मिसळायच्या. त्या निम्म्या किमतीत येतात. त्यांच्याबद्दल मी लिहीतसुद्धा नाही. त्यांतल्या पुष्कळांना स्प्रिंगसुद्धा नावापुरती असते.

क्वाड ही दिसायला बिनधोक गाडी आहे, आणि तिच्या विक्रीचं निम्मं रहस्य तिथेच आहे. चार चाकं, पाय टेकायची गरज नाही, पडणार कशी? सायकलवर तोल जाताना मूल ज्या घाबरलेल्या चेहऱ्याने बघतं तो चेहरा इथे दिसतच नाही. पण तिच्या मागच्या दोन चाकांमध्ये एकच सरळ दांडा असतो, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मोटारीसारखा डिफरन्शियल नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण दांडा दोघांना सारखंच फिरवतो. त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडीचा हट्ट सरळ जाण्याचा. तिला वळवायचं तर चालवणाऱ्याने अंग पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं आणि भार बाहेरच्या पायावर घ्यायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन थोडं घसरतं. याचा अर्थ, चालवणाऱ्याचं वजन हा या यंत्राचाच एक पार्ट आहे. आमची पुतणी २६ किलोची. गाडी तिच्या तिपटीहून जड. तो पार्ट बसतच नाही. चांगल्या कंपनीची गाडी घेतली तरी हे गणित मिटत नाही, फक्त मुलाच्या मापाची हलकी गाडी घेता येते आणि तिचं वागणं रोज सारखं असतं.

अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, हाही असाच बघण्यासारखा तपशील. मोटारसायकलसारखी मूठ पिळायची असेल, तर खड्ड्यात धक्का बसून मूल मागे फेकलं गेलं की ते मूठ घट्ट धरतं, आणि धरताना पिळतं. गाडी आणखी पळते. अंगठा सुटला की थ्रॉटल सुटतो. या थ्रॉटलखाली एक स्क्रू असतो, तो आत फिरवून वेग कमी ठेवता येतो. गोडाउनमधल्या मुलाने तो अगदी कौतुकाने दाखवला. खरोखर चांगली सोय आहे. फक्त एक लहान पान्हा पुरतो, आणि नऊ वर्षांच्या मुलांना पान्हा कुठे ठेवलाय ते आईबापांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

भावाचं म्हणणं असं, की आपण नव्हतो का वाढलो? काळाचौकीच्या चाळीत आमच्याकडे स्वतःची सायकल कधीच नव्हती. नाक्यावरच्या दुकानातून अर्ध्या तासाच्या भाड्याने घ्यायची, वहीत नाव लिहायचं, घड्याळाच्या दुकानात डोकावत वेळ बघायची. त्या सायकलींना ब्रेक क्वचितच लागायचे, पॅडलचा एक रबर नसायचाच, सीट मोठ्या माणसाच्या मापाची, म्हणून नळीखालून तंगडी घालून चालवायची. आम्ही आपटलो, गुडघे फोडले, हळद लावली. त्या सायकली माझ्या टेबलावर आल्या असत्या तर एकही पुढे गेली नसती. हे सगळं त्याचं खरं.

पण त्या सायकलचा वेग आमच्याच पायांतून यायचा. लहान मुलाच्या अंगात जेवढी ताकद तेवढीच सायकल पळणार. ताकद वाढत गेली तसा तोलही येत गेला, दोन्ही एकाच शरीरात, एकाच चालीने. दमलो की सायकल आपोआप हळू व्हायची. क्वाडवर पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला, मुलाच्या अंगठ्याखाली मोठ्या माणसाच्या पळण्याहून जास्त वेग असतो, आणि तो मिळवण्यासाठी त्याला काहीच शिकावं लागलेलं नसतं. हे त्याला पटलं असावं, कारण तो काही बोलला नाही, फक्त एसी वाढवला. मला मात्र त्याच्या मनातलं दिसत होतं. भाड्याच्या सायकलीसाठी आमच्यात भांडणं व्हायची आणि थोरला म्हणून पहिली पाळी माझी असायची. आता त्याला आपल्या मुलीसाठी असं काही हवंय की ज्यावर कुणाची पाळी नाही. त्याला उत्तर द्यायला टॉर्क रेंच पुरत नाही.

या गाड्यांचा इतिहास अमेरिकेतल्या हिवाळ्यातून सुरू होतो. बर्फात मोटारसायकली खपत नाहीत, म्हणून तिथल्या विक्रेत्यांनी होंडाकडे हिवाळ्यात विकायला काहीतरी मागितलं, आणि १९७० मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी आली. १९८२ च्या सुमारास सुझुकीने चारचाकी आणली, आणि लगेच १९८४ मध्ये मुलांसाठी ५० सीसीची छोटी. तीनचाकी इतक्या उलटू लागल्या, की १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नोंदींत १९८२ ते २०१६ या काळात अशा गाड्यांवर चौदा हजारांहून अधिक माणसं दगावली आणि त्यांतली तीन हजारांहून अधिक सोळा वर्षांखालची होती. यातला मोठा भाग नामवंत कंपन्यांच्या, नीट जोडलेल्या गाड्यांवरचा आहे, हे विसरून चालणार नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं तर सरळ आहे: सोळाखालच्या कुणीही या गाडीवर बसू नये.

ज्यांना एवढं कडक नको, त्यांच्यासाठी तिथे कायदा आहे. २००८ च्या कायद्याने तिथला ऐच्छिक निकष सक्तीचा झाला. सहा वर्षांवरच्या मुलांच्या गाडीचा वेग कारखान्यातून निघताना ताशी १६ किलोमीटरला बांधलेला हवा, आणि बंधन काढलं तरी २४ च्या पुढे जाता कामा नये. दहावर्षांवरच्यांना २४ आणि ४८. पार्किंग ब्रेक हवा, खरं चालणारं सस्पेन्शन हवं, इशाऱ्यांची लेबलं हवीत. हाच आयोग गेल्या काही वर्षांत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या मुलांच्या क्वाडवर इशारे काढतो आहे, आणि त्यांतले दोष वाचताना मला मानकोलीचं गोडाउन आठवलं: वेग जास्त, पार्किंग ब्रेक नाही, सस्पेन्शन निकषाबाहेर. ऑस्ट्रेलियाने शेतावरच्या मोठ्या क्वाडना २०२१ पासून उलटल्यावर माणसाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला, तर होंडा आणि यामाहाने तिथे शेतावरच्या क्वाड विकणंच सोडलं. एवढं हे प्रकरण नाजूक आहे.

आपल्याकडे या गाडीची अवस्था विचित्र आहे. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांना निदान १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठीचा तो आदेश. पेट्रोलवर ताशी चाळीसने पळणाऱ्या वस्तूला खेळणं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मग ती वाहन ठरते का? मोटार वाहन कायदा २५ सीसीपर्यंतच्या इंजिनांना सूट देतो, पण चारपेक्षा कमी चाकं असतील तर. ही चार चाकांची, ११० सीसीची. फक्त बंद आवारात वापरायला बनवलेलं यंत्र वाहनात धरत नाहीत, तेवढी एक पळवाट. फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर नंबरप्लेटशिवायची ही गाडी नऊ वर्षांच्या मुलीने काढली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकच दोषी: २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. मी हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "रस्त्यावर कोण काढतंय?"

मग कुठे काढणार? हा मुंबईतला खरा प्रश्न, आणि तो पंच्याऐंशी हजारांच्या कुठल्याही हिशेबात नसतो. भावाचा टॉवर मुलुंडला, जुन्या कारखान्याच्या जागेवर. तीन मजले पार्किंग, त्यावर पोडियम. पोडियमवर संध्याकाळी आजी-आजोबांचे बाक, बॅडमिंटन, स्केटिंगवाली मुलं, कुणाच्या तरी हातातलं वाटीभर वरणभात खाणारं बाळ. तिथे सायकलींवरूनच कमिटीची दर महिन्याला नोटीस निघते. खाली पार्किंगमध्ये खांब, रॅम्प आणि गुळगुळीत फरशी. फुगीर टायर अशा फरशीवर पकड धरत नाहीत, ते मातीसाठी आहेत.

त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: मुरबाडचा प्लॉट. शनिवार-रविवार. जागा छान आहे, मी पाहिली आहे. पण आजूबाजूला भातखाचरं आहेत. कापणी झाली की लांबून सपाट मैदान वाटतं, आणि दर काही पावलांवर बांध असतो, वीतभर-हातभर उंचीचा, वाळलेल्या गवतात बुडालेला. या गाडीचं टायर १४५/७०-६, म्हणजे रिम सहा इंचाची. एवढंसं चाक तिरक्या बांधावर चढलं की एक बाजू उचलली जाते, आणि वर बसलेल्या २६ किलोंना ती खाली दाबता येत नाही. त्यात टायरमधली हवा. क्वाडच्या टायरला दोन ते पाच पीएसआय लागते, हाताने दाबलं तर दबावं इतकी मऊ. हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या मीटरवर काटा तिथे हलतही नाही. तो सवयीने तीस भरतो, वर दोन थापा मारून "मस्त टाइट" म्हणतो, आणि मग गाडी ढेकळांवर उडत चालते.

पाऊस वेगळाच. जून ते सप्टेंबर ती ताडपत्रीखाली उभी राहणार. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणालगतच्या हवेत ओढायला पाणीच पाणी. हलक्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात, कार्ब्युरेटरच्या बारीक जेटात राळ बसते. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली की सुरू होणार नाही, ही जवळपास खात्री. पावसाआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं केलं तर हे टळतं, दहा मिनिटांचं काम आहे. तेच पुन्हा. कुणी तरी ते करायला हवं.

तर मग घेऊच नये का? माझ्या ओळखीत एक जण आहेत, कर्जतकडे त्यांची सपाट, बांध नसलेली जागा आहे आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप. त्यांनी अशीच बिननावाची गाडी घेतली, पूर्ण उघडली, मुलाला शेजारी बसवून पुन्हा जोडली. त्या मुलाला आज चेन किती ढिली ठेवायची ते माहीत आहे, आणि हेल्मेट, हातमोजे, बूट घातल्याशिवाय त्याला किल्ली मिळत नाही. त्यांच्यासाठी ती उत्तम खरेदी ठरली. त्यांना मुळात यंत्र उघडायचंच होतं, गाडी वरकड मिळाली. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, महिन्यातून एखादा शनिवार मोकळा असणाऱ्या बापासाठी ती नाही. त्याने घेतली तर एक तर ती पार्किंगमध्ये धूळ खाईल, हे बरं. किंवा न तपासता चालवली जाईल. नागावला भाड्याने बसवणं हा मधला मार्ग अनेकजण काढतात. तिथे मागे चालवणारा पोरगा बसतो आणि थ्रॉटल त्याच्याच हातात असतो. त्या गाड्या खाऱ्या पाण्यात दिवसभर राबतात, त्यांच्या बोल्टांची डोकी मी बघायलाही जात नाही. मोठ्यांची गाडी, एकावर दोन माणसं, हेल्मेट नाही. माझ्या लेखी तो मार्ग बिननावाच्या गाडीपेक्षा वरचढ नाही.

भावाला मी म्हणालो, घ्यायचीच असेल तर जुनी घे, पण नावाची. चांगल्या कंपनीची मुलांची गाडी दोन-तीन वर्षं वापरून मूल मोठं झालं की लोक विकायला काढतात. तिचं शेवटचं टेबल कारखान्यात झालेलं असतं, पार्टचं पुस्तक मिळतं, बोल्ट कुठल्या जोराने आवळायचा हे छापलेलं असतं. झिजलेलं काय आहे ते मला ओळखता येतं. मुळातच नसलेलं काय आहे ते ओळखणं फार अवघड. आणि ११० नको, नऊ वर्षांच्या मुलीला ५० पुरे. ती लवकर लहान पडेल, तर पडू दे, पुन्हा विकता येते.

"म्हणजे नव्या स्वस्त गाडीएवढेच पैसे जुन्या गाडीला द्यायचे?" त्याने विचारलं.

"थोडे जास्तच."

भावजय मागच्या सीटवरून पहिल्यांदा बोलली. "आणि स्विमिंगचा क्लास? तो अर्धवट आहे अजून." तिला कुणी उत्तर दिलं नाही. पुतणी मला विचारत होती, "काका, ते आतलं चाक घसरायला लागतं म्हणालास, मग ते झिजत नाही का?" झिजतं, म्हटलं. आणि हा प्रश्न त्या दिवशी तिघा मोठ्यांपैकी कुणी विचारला नव्हता, हेही सांगितलं.

आता भाऊ रोज काही ना काही पाठवतो. परवा पुण्याकडच्या एकाची ५० सीसीची सापडली, नाव चांगलं, भाव जरा चढा. मी त्या गृहस्थांकडे मागच्या अ‍ॅक्सलचे आणि हँडलच्या खालच्या जोडाचे जवळून काढलेले फोटो मागितले. त्यांनी लगेच पाठवले. गाडी धुऊन पुसून उभी, दसऱ्याच्या दिवशीची. हँडलच्या खालच्या जोडावर झेंडूचा चांगला जाड हार आणि मागच्या अ‍ॅक्सलपुढे नारळ. मी पुन्हा लिहिलं आहे, हार काढून एक पाठवा.